पाव फेरा

स्कॉटलंडच्या ईशान्येला डी नावाची नदी आहे. केअरनगॉर्मच्या डोंगरात उगम पावते आणि ॲबर्डीन शहरापाशी समुद्राला मिळते. या नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा कातारी राहायचा. ग्रॅनाइटच्या भिंतींचं त्याचं दुकान, आत बिडाचा जुना लेथ, भिंतीवर ओळीने टांगलेल्या पटाश्या आणि जमिनीवर कायम घोट्यापर्यंत ढलप्या. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे गज, लाटणी, वाडगे, सांगाल ते तो कातून द्यायचा. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते क्वेखमुळे.

क्वेख म्हणजे पसरट, उथळ पेला. त्याला समोरासमोर दोन आडवे कान असतात. देणाऱ्याने दोन्ही हातांनी द्यायचा, घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायचा. दोन्ही हात पेल्यात गुंतले की कमरेच्या खंजिराकडे जात नाहीत, असा या रिवाजाचा अर्थ तिथले लोक सांगतात. हायलँडमधल्या घराण्यांची वैरं लक्षात घेतली तर तो पटतोही. पाहुणा आला, सोयरीक जुळली, भांडण मिटलं, की क्वेखमध्ये व्हिस्की ओतायची आणि त्या एकाच पेल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायचा. सहाव्या जेम्स राजाने १५८९ साली डेन्मार्कच्या ॲनशी लग्न केलं तेव्हा तिला क्वेख भेट दिला होता, अशी आख्यायिका आहे. सर वॉल्टर स्कॉट या लेखकाला क्वेख जमवायचा नाद होता. रग्बीत १९८९पासून स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यातला सामना जिंकणाऱ्याला जो करंडक मिळतो, तोही क्वेखच. आणि आजही तिकडच्या कित्येक लग्नांत नवरा-नवरी पहिला घोट घेतात तो क्वेखमधून.

कातारी नेहमी म्हणायचा, "क्वेख हा विश्वासाचा पेला. दोघांनी धरायचा असतो. एकाचा जरी हात सुटला तरी सांडतो."

हे वाक्य तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवायचा, की त्याचा अर्थ आपल्यालाही लागू पडतो हे त्याच्या ध्यानातून निघून गेलं होतं.

त्याच्याकडे एक पोरगा उमेदवारी करत होता. ग्लासगोहून आलेला, कॉलेज अर्धवट सोडलेला, बोलायला कमी आणि हाताने चलाख. पहिले काही महिने कातार्‍याने त्याला फक्त पटाश्यांना धार लावायला आणि ढलप्या भरायला ठेवलं. मग लेथवर उभं केलं. पटाशी आधी टेकणीवर टेकव, मग तिची पाठ फिरत्या लाकडाला लागू दे, आणि मग मूठ हळूच उचलून धार लाव, एवढं एकदा दाखवलं आणि बाजूला झाला. पुढे पोराची पटाशी कधी अडकून उसळली, कधी वाडग्याचा तळ भोकसून आरपार गेली. कातारी चुलीपाशी चहा पीत बघत राहायचा. त्याच्या गुरूने त्याला असंच शिकवलं होतं. बोलून शिकवलेलं कानात राहतं, चुकून शिकलेलं हातात राहतं, असं त्याचं मत होतं.

आणि ते मत काही खोटं नव्हतं. पहिल्याच वर्षी पोराने चेरीच्या लाकडाचा एक छोटा क्वेख केला. त्याला चकाकी यावी म्हणून लाखेचं पॉलिश द्यायला घेतलं. आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवर मिळणारी ही लाख तिकडे साफ होऊन चकत्यांच्या रूपात जाते. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर चढवायची. पोराने हात दुखेपर्यंत थरावर थर चढवले. पेला असा झळकू लागला की खिडकी त्यात दिसावी. कातारी सगळं बघत होता. अक्षर बोलला नाही. पॉलिश चांगलं वाळल्यावर त्याने कपाटातून बाटली काढली, क्वेखमध्ये दोन बोटं व्हिस्की ओतली आणि म्हणाला, "राहू दे थोडा वेळ."

दोघं दुसऱ्या कामाला लागले. दुपारी येऊन बघतात तर तळाचं पॉलिश पांढरं पडून चिकट झालेलं. जी लाख स्पिरिटमध्ये विरघळते ती व्हिस्कीपुढे काय टिकणार? पोरगा खजील झाला. कातारी हसला, मग पोरगाही हसला. त्या दिवसापासून प्यायच्या भांड्याला त्याने जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण याखेरीज काही लावलं नाही.

"सांगितलं असतं तर आठवड्यात विसरला असतास," कातारी म्हणाला. तेही खरंच होतं. पेला त्यांचाच, लाकूड त्यांचंच, मेहनत पोराची. गेलं ते घरातलं गेलं आणि त्याच्या बदल्यात जन्माचं शहाणपण आलं.

गावाबाहेर एका आजीचं शेतघर होतं. आजी कातार्‍यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, शाळेपासून त्याला ओळखणारी. तिच्या गोठ्यामागे सिकामोरचं भलं थोरलं झाड होतं. सिकामोर हे मेपलच्या जातीतलं झाड. त्याचं लाकूड फिकट, दुधाळ रंगाचं. त्याला वास नाही, चव नाही. म्हणून लोण्याचे साचे, चमचे, दुधादुभत्याची भांडी त्याचीच करायची रीत. आजीने उभं आयुष्य अशा भांड्यांत हात घालून काढलं होतं.

२६ नोव्हेंबर २०२१च्या रात्री 'आर्वेन' वादळ आलं. एरवी त्या मुलखात वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून वाहतो आणि झाडांची मुळं त्याच वाऱ्याला तोंड देत घट्ट झालेली असतात. हे वादळ उलट बाजूने, उत्तरेकडून आणि ईशान्येकडून आलं. सवय नसलेल्या बाजूने धक्का बसला आणि नदीकाठची असंख्य झाडं मुळांसकट आडवी झाली. त्यात आजीचं सिकामोरही गेलं.

आजीने ते जळणाला घातलं नाही. खोड चिरवून घेतलं तेव्हा फळ्यांवर आडव्या लाटा दिसल्या. लाकडाचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढले की अशा लाटा उमटतात. प्रकाश फिरला की त्या हलल्यासारख्या वाटतात. व्हायोलिनच्या पाठीला असलंच लाकूड शोधून शोधून घेतात. कातार्‍याने दोन जाड फळ्या निवडल्या, वाळताना तडकू नयेत म्हणून त्यांची टोकं मेणाने बंद केली आणि दुकानाच्या माळ्यावर रचून ठेवल्या. एक इंच जाडीला एक वर्ष, असा वाळवणीचा जुना हिशेब. आजी म्हणाली, "नातीच्या लग्नापर्यंत वाळू देत."

नातीचं लग्न ठरलं २०२४च्या जूनमध्ये. वसंतात ती दुकानात आली. आजीच्या झाडाचा क्वेख हवा, हे तर ठरलेलंच होतं. पण तिने पोराच्या हातचा एक क्वेख मैत्रिणीकडे पाहिला होता. सहज बोलून गेली, "आमचा क्वेख यालाच करू द्या ना. याच्या कामात काहीतरी नवं असतं."

"करू दे की," कातारी म्हणाला. तोंडाने हसला. पण चाळीस वर्षांत गिऱ्हाईक त्याच्या दुकानात येऊन दुसऱ्याचं काम मागतंय, असं पहिल्यांदाच झालं होतं. कुठेतरी बारीकसं टोचलं. इतकं बारीक, की आपल्याला टोचलंय हे त्याने स्वतःलाही कळू दिलं नाही.

पोराने फळी उतरवली आणि कामाला लागला.

क्वेखची एक गंमत आहे. साधा वाडगा पहिल्यापासून शेवटपर्यंत लेथवर होतो. लेथला गोल तेवढं कळतं आणि वाडगा गोलच असतो. क्वेखचे कान गोल नसतात. म्हणून कातारी आधी काठाभोवती रुंद कडं राखून वाडगा कातून घेतो. ताटलीच्या मधोमध वाटी बसवावी तसं ते दिसतं. बाहेरची बाजू बुडापासून काठाकडे कातायची, आतली काठापासून तळाकडे. मग लेथ बंद करायचा. कड्यावर पेन्सिलीने समोरासमोर दोन कान आखायचे आणि ते दोन कान सोडून बाकीचं कडं करवतीने कापून टाकायचं. कानांच्या मधली बाजू पटाशीने, कानशीने, हातानेच गोल करत आणायची. फार पूर्वी पिंपासारख्या उभ्या पट्ट्या जोडूनही क्वेख करत, एक पट्टी उजळ लाकडाची, एक गडद लाकडाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस चांदीचे क्वेख आले, तेव्हा चांदीवर पट्ट्या नसूनही सोनारांनी त्यांच्या रेघा कोरल्या. पण फळीतून कातलेल्या क्वेखमध्ये सगळी मदार असते ती त्या दोन पेन्सिलीच्या खुणांवर.

कारण लेथवर फिरताना लाकडाला सगळ्या दिशा सारख्याच. कान कुठे येणार हे लेथ थांबल्यावर ठरतं. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने कान ठेवले, तर तंतू कानाच्या लांबीभर धावून पेल्याच्या भिंतीत शिरतात आणि कान पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कान रेषांच्या आडवे ठेवले, तर प्रत्येक तंतू कानाच्या रुंदीइतकाच आखूड राहतो. तो कान दिसायला तसाच दिसतो, हाताला तसाच लागतो. फक्त भार आला की रेषेवर उलतो.

पोराने वाडगा सुरेख कातला. भिंत सगळीकडे सारखी, कडं सपाट. लेथ थांबवून त्याने तो खिडकीपाशी नेला आणि उजेडात फिरवला. लाटा चमकल्या. या लाटा लाकडाच्या रेषांना काटकोनात असतात. कान रेषांच्या दिशेने घेतले, तर लाटा कानांना आडव्या तुटत जात होत्या. पण वाडगा पाव फेरा फिरवला, की त्याच लाटा एका कानापासून निघून पेल्याच्या पोटातून दुसऱ्या कानापर्यंत सलग वाहत होत्या. असा क्वेख कुणी पाहिला नसेल! पोराने पेन्सिल उचलली. टेकवली. क्षणभर थांबला. चुलीकडे बघितलं.

कातारी तिथे चहाचा मग घेऊन बसला होता. नजर थेट पेन्सिलीच्या टोकावर. त्याला सगळं दिसलं. रेषा कुठे धावतायत, कान कुठे येतायत, आणि काय होणार. "पाव फेरा फिरव" एवढे तीन शब्द बोलायचे होते. खोडरबराने दोन खुणा पुसायच्या होत्या. त्याने मगातला चहा संपवला आणि मूग गिळून बसून राहिला.

पोराने कान आखले. करवत चालवली. बाकीचं कडं तुकड्या-तुकड्यांनी खाली पडलं आणि आता फिरवायला काही उरलं नाही.

त्या रात्री कातार्‍याने स्वतःची समजूत घातली. शिकू दे. लाखेच्या वेळी नाही का शिकला? मोडेल तेव्हा कळेल, आणि एकदा कळलं की कायमचं कळेल. हे त्याला पटलं, कारण यातला शब्द न्‌ शब्द त्याने पूर्वी अनेकदा उच्चारला होता. यावेळी त्या शब्दांच्या आड दुसरंच काहीतरी बसलं होतं आणि ते त्याने उकरलं नाही. शिवाय, कदाचित मोडणारही नाही. दोन्ही हातांनी नीट धरला तर वर्षानुवर्षं टिकेलही.

लग्न जूनच्या एका उजळ दुपारी लागलं. क्वेख हातोहात फिरून सगळ्यांनी बघितला. लाटा बघून लोक बोटं फिरवत होते. वधू-वरांची वचनं झाल्यावर त्यात व्हिस्की ओतली, तिथूनच काही मैलांवरच्या रॉयल लॉखनागारची. त्या भट्टीची स्थापना १८४५ची, बालमोरलच्या राजवाड्याच्या शेजारची. नवरीने दोन्ही हातांनी क्वेख धरून नवऱ्यापुढे केला, त्याने तिच्या हातांवर हात ठेवून घोट घेतला, मग तिने घेतला. काही झालं नाही. मागच्या बाकावर बसलेल्या कातार्‍याने श्वास सोडला.

मग रिवाजाप्रमाणे क्वेख घरच्यांकडे निघाला. नवऱ्याच्या आईवडिलांकडून नवरीच्या आईवडिलांकडे, तिथून आजीकडे. आजीच्या डाव्या हातात काठी होती. काठी सोडली तर तोल जाणार. म्हणून तिने उजव्या हातानेच एक कान धरला आणि भरलेला क्वेख ओठांकडे उचलला.

कट्‌ असा आवाज झाला. कान आजीच्या बोटांत राहिला आणि क्वेख फरशीवर. व्हिस्की तिच्या निळ्या झग्यावर सांडली. पेल्याला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. मंडळी एकदम गप्प झाली. नात धावली. "लागलं का आजी?" लागलं नव्हतं. पण लग्नाचा पेला लग्नातच फुटला, हे काही कुणाच्या मनातून जाणार नव्हतं. नवरीचे डोळे भरून आले.

पोरगा उठून पुढे आला. चेहरा पांढराफटक. "माझी चूक आहे," म्हणाला. "मी केलाय तो."

आजीने त्याच्याकडे बघितलं, मग हातातला कान उजेडाकडे धरला. मोडलेली कड रेषेला धरून साफ उलली होती. आयुष्यभर लाकडी भांडी वापरलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? तिने मागच्या बाकाकडे मान वळवली.

"याच्या रेषा आडव्या आहेत," ती कातार्‍याला म्हणाली. "पोराला नसेल कळलं. तुझ्या नजरेतून सुटलं, असं मला सांगू नकोस."

कातारी उठला. खोटं बोलावं असं एक क्षण त्याच्या मनात आलं, पण त्या बाईपुढे ते चाललं नसतं. "दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"म्हटलं, अनुभवातून शिकेल."

"शिकणार तो, आणि फुटणार आमचं?" आजी म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तुझ्या दुकानात, तुझ्या लाकडावर फुटलं असतं तर त्याला धडा म्हटलं असतं. हे माझं झाड होतं. हे या पोरीचं लग्न होतं. याची किंमत तू भरणार नव्हतास, तोही भरणार नव्हता. मग गप्प बसायचा अधिकार तुला कुणी दिला?"

कातार्‍यापाशी उत्तर नव्हतं. त्याने फरशीवरचा क्वेख उचलला आणि सगळ्यांसमोर नवरीची माफी मागितली. पोराच्या वतीने नव्हे, स्वतःच्या.

तिथल्या जूनमध्ये रात्री दहा वाजले तरी उजेड असतो. दोघं नदीकाठच्या रस्त्याने दुकानाकडे परतत होते. बऱ्याच वेळाने पोरगा बोलला.

"एक विचारू? पेन्सिल टेकवताना मला शंका आली होती. मी तुमच्याकडे बघितलं."

"माहीत आहे."

"तुम्ही बघत होतात. काही बोलला नाहीत. म्हणून मला वाटलं, बरोबर असेल."

कातारी थांबला. "लाखेच्या वेळीही मी काही बोललो नव्हतो."

"तो पेला आपला होता," पोरगा म्हणाला. "हा लोकांचा होता. लोकांच्या वस्तूत तुम्ही चूक जाऊ देणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो."

आजीचं बोलणं म्हातार्‍याला झोंबलं होतं. हे त्याहून आत गेलं. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही असा लौकिक असतो, त्याचं गप्प बसणं हे गप्प बसणं राहतच नाही. ऐकणारा त्याला होकार समजतो. म्हणजे आपण पोराला चुकू दिलं एवढंच नव्हतं. त्याच्या चुकीवर आपण आपला शिक्का मारून दिला होता.

"मीही तोंड उघडून विचारायला हवं होतं," पोरगा पुढे म्हणाला. "विचारलं तर तुम्हाला वाटेल, अजून याला रेषा कळत नाहीत. नवरीने माझं नाव घेतलं होतं ना."

म्हातारा यावर स्वतःशीच हसला. एकाला मोठेपणा मिळाला म्हणून त्याने विचारलं नाही, दुसऱ्याचा मोठेपणा दुखावला म्हणून त्याने सांगितलं नाही. दोघांच्या मधोमध एका पोरीचा पेला फुटला. "नवरीने तुझं नाव घेतलं ते मला टोचलं होतं," तो म्हणाला. "त्या टोचणीला मी शिकवणं असं नाव दिलं. शिकवणं वेगळं असतं."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची उरलेली फळी खाली आली. ती पोरानेच कातायची, असं कातार्‍याने ठरवलं. लेथ थांबला तेव्हा पोराने वाडगा खिडकीपाशी नेला, फिरवला आणि पेन्सिल टेकवण्याआधी विचारलं, "इथे?" कातार्‍याने मग खाली ठेवला, उठून आला, कड्यावर अंगठा फिरवत रेषा दाखवल्या आणि म्हणाला, "इथे. आणि कान मुळाशी जरा जाड ठेव." लाटा या खेपेला कानांना आडव्या गेल्या. दिसायला पहिला क्वेख उजवा होता, हे दोघांनाही मान्य होतं.

नवीन क्वेख नवरा-नवरीकडे गेला तेव्हा आजीने आधी तो काठोकाठ भरायला लावला. मग मुद्दाम एकाच हाताने, एकाच कानाला धरून उचलला आणि दोनदा झटकून बघितला. निम्मी व्हिस्की अंगणात सांडली, कान जागचा हलला नाही. "आता द्या पोरांना," ती म्हणाली.

त्यानंतरही कातारी पोराला चुकू द्यायचा. पटाशी अडकली तर अडकू द्यायचा, वाडगा उडाला तर उडू द्यायचा. त्याची शिकवण्याची रीत मुळात वाईट नव्हती आणि ती त्याने सोडलीही नाही. फक्त लेथवर चढलेलं लाकूड कुणाचं आहे, हे तो आधी विचारायचा. दुकानाचं असेल, तर चुलीपाशी बसून चहा. गिऱ्हाइकाचं असेल, तर करवत लागण्याआधी दोघांनी मिळून खुणा तपासायच्या, मग काम कितीही साधं असो आणि पोराचा हात कितीही बसलेला असो. पुढे पोराच्या हाताखाली दुसरी एक मुलगी शिकायला आली, तेव्हा तिलाही हाच नियम लागू झाला.

तात्पर्य: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण ठेच ज्याला लागणार त्याला आधी विचारलेलं असतं का? चुकून शिकणं हे शिकणंच आहे. मात्र त्या चुकीचा खर्च शिकणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्याने उचलावा, वाटेवरच्या तिसऱ्याने नव्हे. आणि ज्याला दिसतं, कळतं, त्याचं मौन कधीच नुसतं मौन नसतं. घरात असो, कचेरीत असो, दुकानात असो, लोक त्याला संमती समजून पुढे जातात. म्हणून जाणत्याने वेळेवर बोलावं, नवख्याने वेळेवर विचारावं. करवत लागण्याआधी चूक दुरुस्त करायला पाव फेरा पुरतो. करवत लागल्यावर अख्खं झाड दिलं तरी ती भरून येत नाही.